हाक, ओ आणि पत्ता : नेटवर्क स्विच समजून घेताना



आजचा विषय फलकावर वाचून दोघातिघांनी आम्हाला दारातच अडवलं. 'सर, तुमचं आणि नेटवर्क स्विचचं काय नातं?' प्रश्न रास्त आहे. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यातही आमचा ओढा प्रमाणशास्त्राकडे, म्हणजे एखादी गोष्ट आपल्याला कळली असं कशाच्या आधारावर म्हणायचं, या प्रश्नाकडे. निवृत्तीनंतर आम्ही एका सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीत गेलो, आणि मागच्या पावसाळ्यात तिथल्या स्विचच्या निमित्तानं आम्ही एका मुलावर अन्याय केला. चाळीस वर्षं जे शिकवलं तेच त्या दिवशी विसरलो. ते सांगायला संकोच वाटतो, पण सांगणार आहोत. मात्र आधी यंत्र समजून घेऊ, नाहीतर चूक नेमकी कुठे झाली ते लक्षात येणार नाही.

स्विच म्हणजे इथे दिव्याचं बटण नव्हे. एक पसरट डबा असतो, त्याला आठ, सोळा, चोवीस अशी भोकं असतात. त्यांना पोर्ट म्हणतात. प्रत्येक पोर्टात एक केबल, आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला एखादा संगणक, प्रिंटर, कॅमेरा. हा डबा या सगळ्यांमधला निरोप्या आहे. एका दारातून आलेलं पाकीट बरोबर दुसऱ्या दारातून बाहेर काढायचं, एवढंच त्याचं काम.

पण बरोबर दार कोणतं, हे त्याला कसं कळतं? प्रत्येक यंत्राच्या नेटवर्क कार्डाला कारखान्यातच एक क्रमांक मिळतो. त्याला मॅक अ‍ॅड्रेस म्हणतात. तो ४८ बिटांचा असतो. पहिले २४ बिट कोणत्या कंपनीचे हे आयईईई ही संस्था ठरवून देते, उरलेले २४ कंपनी स्वतः देते. आपण त्याला यंत्राची जन्मखूण म्हणू. आता सॉफ्टवेअरमधून ही खूण बदलता येते हे खरं.

सातव्या पोर्टातून पाकीट आलं की स्विच त्यावरची पाठवणाऱ्याची जन्मखूण वाचतो आणि आपल्या वहीत टिपतो : ही खूण सातव्या दारात. मग कधी त्या खुणेसाठी पाकीट आलं, की ते थेट सातव्या दारात. खूण वहीत नसेल तर पाकीट ज्या दारातून आलं ते सोडून बाकी सगळ्या दारांत टाकायचं. ज्याचं असेल तो घेईल. आणि एखादी खूण बराच वेळ दिसलीच नाही, तर वहीतून खोडून टाकायची. पुष्कळ स्विचमध्ये हा वेळ ३०० सेकंद, म्हणजे पाच मिनिटं असतो. लक्षात ठेवा, स्विचला हे कोणी शिकवत नाही. तो पाहून पाहून शिकतो.

आता दुसरा पत्ता, आयपी अ‍ॅड्रेस. हा जन्मानं मिळत नाही, कोणीतरी द्यावा लागतो. आज आपण ज्याबद्दल बोलतो आहोत तो चौथ्या आवृत्तीचा आयपी, ३२ बिटांचा. १९२.१६८.१.१० असे चार आकडे, प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला. जन्मखूण असताना हा दुसरा पत्ता कशाला, असं कुणी विचारेल. मंडळी, माणसाच्या हातावरच्या तिळावरून तो कुठे राहतो ते कळत नाही. त्यासाठी गाव, पेठ, घर असा रचलेला पत्ता लागतो. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड आला. ४११ वाचलं की टपाल पुण्याकडे वळतं, पुढचे आकडे नंतर बघायचे. आयपी पत्त्याचंही तसंच. त्यातला काही भाग वस्तीचा, काही घराचा.

कुठपर्यंत वस्ती आणि कुठून घर, हे सांगणारा आकडा म्हणजे सबनेट मास्क. २५५.२५५.२५५.० असा मास्क असेल तर पहिले तीन आकडे वस्तीचे आणि चौथा घराचा. अशा वस्तीत २५६ पत्ते होतात. पहिला खुद्द वस्तीचा, शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारण्याचा, म्हणजे घरांना उरले २५४. आणि १९२.१६८ नं सुरू होणारे पत्ते १९९६ साली ठरलेल्या नियमाप्रमाणे खाजगी वापरासाठी राखलेले आहेत. आपापल्या भिंतींच्या आत ते कोणीही वापरावेत. म्हणून तर घरोघरी मातीच्या चुली तसं घरोघरी १९२.१६८.१.१. तुमच्या घरच्या राउटरचा तोच, वाचनालयाच्या राउटरचाही तोच. भांडण नाही, कारण वस्त्या वेगळ्या. भांडण होतं ते एकाच वस्तीत दोन घरांवर एकच क्रमांक पडला म्हणजे. ते पुढे येईलच.

आता खरी अडचण बघा. वरचे कार्यक्रम बोलतात आयपी पत्त्याच्या भाषेत. केबलमधून धावणारं पाकीट मात्र जन्मखुणेच्या भाषेत लिहावं लागतं. ४८ बिटांची खूण ३२ बिटांच्या पत्त्यात कोंबता येत नाही, म्हणजे एकावरून दुसरं गणितानं काढता येत नाही. मग दोन्हींची सांगड कशी घालायची? यावरचा उपाय नोव्हेंबर १९८२ मध्ये डेव्हिड प्लमर यांनी लिहून काढला. अ‍ॅड्रेस रिझोल्यूशन प्रोटोकॉल, थोडक्यात एआरपी. चाळीस वर्षं उलटून गेली तरी तुमच्याआमच्या घरात आज तोच चालतो. आयपीच्या सहाव्या आवृत्तीत त्याची जागा दुसऱ्या पद्धतीनं घेतली आहे, पण चौथ्या आवृत्तीत राज्य त्याचंच.

आमच्या पिढीला तो समजायला सोपा आहे. वाड्यात पोस्टमन यायचा, चौकात उभा राहायचा आणि मोठ्यानं विचारायचा, 'कुलकर्णी कोण?' हाक सगळ्या बिऱ्हाडांना ऐकू जायची. ज्यांचं पत्र नाही ते गप्प बसायचे. माडीवरून कोणीतरी 'ओ' द्यायचं, आणि पोस्टमनच्या मनात बसायचं : कुलकर्णी, माडीवर, जिन्याशेजारी. एआरपी अगदी असंच आहे. संगणक विचारतो, '१९२.१६८.१.१० कोण? मी १९२.१६८.१.२५, माझी खूण ही.' हा प्रश्न स्विच सगळ्या दारांतून बाहेर पाठवतो. ज्याचा तो पत्ता आहे तोच फक्त उत्तर देतो, 'मी. माझी खूण अमुक.' विचारणारा ती जोडी टिपून ठेवतो. ज्याला हाक मारली तोही हाक मारणाऱ्याची जोडी टिपून घेतो, कारण आता उलट बोलणं होणारच.

पत्ता दुसऱ्या वस्तीतला असेल तर? मास्क लावून बघितला की ते कळतं. मग त्या दूरच्या यंत्राला हाक मारून उपयोग नाही. वेशीला हाक मारायची. वेस म्हणजे डिफॉल्ट गेटवे, बहुधा आपला राउटर. पाकीट त्याच्या हाती द्यायचं, पुढचं तो बघतो.

आता दोन वह्या वेगळ्या ठेवा, नवशिक्यांचा घोटाळा इथेच होतो. स्विचची वही सांगते, ही जन्मखूण कोणत्या दारात. एआरपीची वही सांगते, हा आयपी पत्ता कोणत्या जन्मखुणेचा. पहिली स्विच पाकिटं बघून भरतो. दुसरी प्रत्येक यंत्र हाक मारून भरतं. तिच्यातल्या नोंदीही कायमच्या नसतात. घरच्या संगणकात त्या थोड्या वेळात शिळ्या होतात, सिस्कोच्या यंत्रांत मुळात चार तास, म्हणजे १४,४०० सेकंद टिकतात.

मग खुद्द स्विचला आयपी पत्ता लागतो का? पाकिटं इकडची तिकडे करायला मुळीच नाही. तो लागतो आपल्याला, स्विचशी बोलायला. त्याची प्रकृती विचारायची, सेटिंग बदलायचं, तर त्याला हाक मारता आली पाहिजे. हा पत्ता एखाद्या पोर्टाला न देता सहसा व्हीलॅनला देतात. व्हीलॅन म्हणजे एकाच डब्यात घातलेल्या न दिसणाऱ्या भिंती. भिंतीच्या आतली हाक पलीकडे जात नाही. लहान जागेत एकच व्हीलॅन असतो, क्रमांक १.

सिस्को पद्धतीच्या स्विचवर हे कसं करतात ते सांगतो. आज्ञा टंकायच्या इंग्रजीत, आम्ही उच्चार सांगतो. 'एनेबल' म्हणायचं, मग 'कॉन्फिगर टर्मिनल'. पुढे 'इंटरफेस व्हीलॅन १'. त्याच्या आत 'आयपी अ‍ॅड्रेस १९२.१६८.१.२ २५५.२५५.२५५.०', म्हणजे पत्ता आणि मास्क. मग 'नो शटडाउन', म्हणजे दार उघड. बाहेर येऊन 'आयपी डिफॉल्ट-गेटवे १९२.१६८.१.१', म्हणजे वेस कुठे ते. 'शो आयपी इंटरफेस ब्रीफ' म्हटलं की दिलेला पत्ता दिसतो, 'शो मॅक अ‍ॅड्रेस-टेबल' म्हटलं की पहिली वही, 'शो एआरपी' म्हटलं की दुसरी. आणि शेवटी 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग'. हे राहिलं तर वीज गेली की सगळं पुसलं जातं. पाचसात ओळींचं काम. आम्हीही ते केलं. आता आमची गोष्ट.

वाचनालयात ग्रंथांचा कॅटलॉग एका संगणकावर आहे. त्याचा पत्ता १९२.१६८.१.१०. देवघेवीच्या खिडकीवरचे संगणक त्याला विचारून पुस्तक आत आहे की बाहेर ते सांगतात. हे सगळं एक कॉलेजात शिकणारा मुलगा संध्याकाळी येऊन बघायचा. मानधन नावापुरतं. त्याचं नाव इथे घेत नाही. मे महिन्यात एका सभासदानं जुना पण चांगला स्विच भेट दिला. मुलाची परीक्षा होती, म्हणून आम्ही, म्हणजे कार्यकारिणीतले तिघे निवृत्त, म्हणालो, पाचसात ओळी तर आहेत, आपणच करू. सोमवार होता, वाचनालयाची सुट्टी. स्विचला कोणता पत्ता द्यावा? १० हा आकडा लक्षात ठेवायला सोपा. आम्ही अगदीच आंधळेपणानं दिला नाही, बरं का. आधी पिंग केलं, म्हणजे त्या पत्त्याला 'आहेस का' असं विचारलं. उत्तर आलं नाही. पत्ता मोकळा आहे असं ठरवलं आणि स्विचला देऊन टाकला.

उत्तर का आलं नाही? सुट्टी होती. कॅटलॉगचा संगणक बंद होता.

दुसऱ्या दिवसापासून गंमत सुरू झाली. कधी कॅटलॉग नीट उघडायचा, कधी त्याच्या जागी एक अनोळखी खिडकी यायची आणि पासवर्ड मागायची. इंटरनेट चालू, प्रिंटर चालू, फक्त कॅटलॉग असा. आम्ही अनुमान केलं : यंत्र तर ठीक आहे, मग पासवर्ड कोणीतरी टाकलाय, आणि टाकता येतो फक्त त्या मुलाला. मानधन वाढवून द्या असं तो महिन्याभरापूर्वी म्हणाला होता, तेही आम्हाला नेमकं तेव्हाच आठवलं. आम्ही त्याला बोलावलं. तो म्हणाला, 'सर, मी काही केलं नाही, मला जरा बघू द्या.' आम्ही बघू दिलं नाही. चार सभासदांच्या देखत म्हणालो, 'उद्यापासून येऊ नकोस.'

पुढचे बारा दिवस खिडकी येतच राहिली. मग दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेल्या एका सभासद बाई पुस्तक बदलायला आल्या. त्यांनी काउंटरच्या संगणकावर एआरपीची वही उघडायला सांगितली. १९२.१६८.१.१० च्या पुढे जी जन्मखूण होती तिचे पहिले सहा अंक त्यांनी कागदावर उतरवले आणि स्विचच्या पाठीवरचं लेबल वाचलं. जुळले. मग कॅटलॉगच्या संगणकाची खूण बघितली. ती निराळीच. त्या एवढंच म्हणाल्या, 'तुमच्याकडे एका हाकेला दोघं ओ देताहेत.'

झालं होतं ते असं. काउंटर विचारायचा, १० कोण? कॅटलॉगही 'मी' म्हणायचा, स्विचही 'मी' म्हणायचा. एआरपी भांडण सोडवत बसत नाही. बहुधा जे उत्तर नंतर ऐकू येतं ते आधीच्या नोंदीवर लिहिलं जातं. ज्या वेळी स्विचचं उत्तर राहायचं, त्या वेळी काउंटर कॅटलॉग समजून स्विचचं दार ठोठावायचा, आणि स्विच आपला पासवर्ड मागायचा. म्हणजे ती खिडकी आमच्याच स्विचची होती. वर कहर असा, की स्विचच्या नोंदवहीत पहिल्या दिवसापासून ओळ पडत होती, की हा पत्ता दुसरंही कोणी वापरतंय, त्याची खूण अमुक. आम्ही ती वाचलीच नव्हती.

मंडळी, आता आमच्या मूळ विषयाकडे वळतो. आपल्या परंपरेत ज्ञानाच्या साधनांना प्रमाणं म्हणतात. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती वेदान्ती त्यांत अनुपलब्धी नावाचं एक प्रमाण मानतात. घडा दिसत नाही, यावरून जमिनीवर घडा नाही हे कळणं. पण त्याला त्यांनी एक अट घातली आहे. घडा असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. काळोख्या खोलीत घडा दिसला नाही, तर त्यावरून काही सिद्ध होत नाही. याला ते योग्य अनुपलब्धी म्हणतात. बंद संगणकानं उत्तर दिलं नाही, म्हणून पत्ता मोकळा ठरवणं म्हणजे काळोखात घडा शोधणं. हे आम्ही वर्गात किती वेळा शिकवलं असेल! आणि त्या सोमवारी आमच्यातल्या एकालाही ते सुचलं नाही.

दुसरं प्रमाण शब्द. दुसऱ्याच्या सांगण्यावरून कळणं. नैयायिकांची अट अशी, की सांगणारा आप्त हवा, म्हणजे ज्याला ती गोष्ट जशी आहे तशी माहीत आहे आणि जो ती तशीच सांगू इच्छितो. एआरपीला आप्त कोण, अनाप्त कोण, हे विचारायची सोयच नाही. जो ओ देतो त्याच्यावर विश्वास. न विचारता सांगितलं तरी पुष्कळ यंत्रं ऐकून घेतात. आमचा स्विच खोटं बोलत नव्हता, त्याला पत्ताच चुकीचा दिला होता. पण मुद्दाम खोटं बोलणाराही या वाड्यात शिरू शकतो. त्यानं 'गेटवे मीच' अशी ओ दिली, की सगळ्यांची पाकिटं आधी त्याच्या हातून जातात. याला एआरपी स्पूफिंग म्हणतात. पाकिटं कुलूपबंद नसतील, तर तो ती वाचूही शकतो.

यावर तोडगा आहे. पोस्टमन साध्या पत्राला ओ पुरेशी मानायचा, पण मनीऑर्डर असली की प्रसंगी साक्षीदाराची सही मागायचा. चांगल्या स्विचमध्ये अशी साक्ष घेता येते. डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटणारी सेवा, कोणाला कोणता पत्ता देते हे स्विच टिपून ठेवतो आणि एआरपीचं प्रत्येक उत्तर त्या यादीशी ताडून बघतो. न जुळणारं उत्तर पुढे जाऊच देत नाही. याला डायनॅमिक एआरपी इन्स्पेक्शन म्हणतात. ज्यांचे पत्ते हातानं दिलेत, त्यांची नोंद यादीत आपण हातानं करायची असते. नाहीतर खरा माणूसही बाहेर राहतो.

तुमच्या संस्थेत, सोसायटीत, शाळेत असं काम निघालं तर चार गोष्टी करा. एक, पत्त्यांची एक यादी कागदावर ठेवा आणि ती भिंतीवर लावा. दोन, हातानं द्यायचे पत्ते आणि डीएचसीपीनं वाटायचे पत्ते यांचे भाग वेगळे ठेवा, उदाहरणार्थ २ ते ४९ हातानं आणि १०० च्या पुढचे वाटायला. तीन, नवा पत्ता देण्याआधी सगळी यंत्रं चालू करा, पिंग करा, आणि पिंगला उत्तर आलं नाही तरी एआरपीची वही बघा. काही संगणक पिंगला मुद्दाम गप्प राहतात, पण वस्तीतल्या एआरपीच्या हाकेला त्यांना ओ द्यावीच लागते. चार, बिघाड झाला की माणसाकडे बोट दाखवण्याआधी दोन्ही वह्या आणि यंत्राची नोंदवही वाचा. दहा मिनिटं लागतात.

आमचं पुढे काय झालं? स्विचला १९२.१६८.१.२ दिला, काउंटरच्या संगणकांतल्या शिळ्या नोंदी पुसल्या, कॅटलॉग त्या क्षणापासून सुरळीत. मग आम्ही तिघे त्या मुलाच्या घरी गेलो. त्याच्या आईनं चहा केला. आम्ही माफी मागितली. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, 'सर, पत्ते मी देवघेवीच्या रजिस्टरच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले होते.' आम्ही परत येऊन बघितलं. होते. सगळे, ओळीनं, १० च्या पुढे 'कॅटलॉग, बदलू नये' असं ठळक.

ज्यांच्या देखत त्याला बोललो होतो, त्या चौघांना बोलावून चूक आमची होती हे सांगितलं. तो मुलगा मात्र परत कामाला आला नाही. दुसरीकडे लागला होता. त्याच्या अक्षरातलं ते पान आम्ही चौकटीत घालून स्विचच्या वर लावलं आहे. नवा पत्ता द्यायचा झाला की आधी ते वाचतो.